ॲप स्थळ आणतं, चौकशी कोण करणार?

पुण्यात नोकरीला लागलेल्या, लग्नाचं वय झालेल्या मुलामुलींच्या फोनमध्ये आज बहुधा दोन प्रकारची ॲप असतात. एक आईवडिलांना माहीत असलेलं, पुष्कळदा त्यांनीच पैसे भरून सुरू करून दिलेलं. दुसरं घरात कुणालाच माहीत नसलेलं. पहिल्यात जात, पोटजात, पत्रिका, पगार, उंची आणि ‘अपेक्षा’ असा रकाना. दुसऱ्यात चार-पाच फोटो, आवडीनिवडी आणि स्वतःबद्दल दोन ओळी. दोन्हींचा तोंडवळा वेगळा, तरी दोन्हींनी आपल्याकडे एकच बदल घडवला आहे: स्थळ आणणारा माणूस मधून निघून गेला. हा माणूस नेमकं काय काम करत होता ते समजलं की ॲपचे फायदे आणि तोटे, दोन्ही उलगडत जातात. कारण दोन्ही त्याच्या नसण्यातूनच आलेले आहेत.

मी आमच्या भागातल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मदतीला बसते. समोर येणाऱ्या बहुतेक पालकांच्या हातात आता फोन असतो आणि प्रश्न एकच असतो: ‘ॲपवरचं स्थळ आलंय, भरवसा ठेवावा का?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या मुलांसाठीही.

मध्यस्थाची दोन कामं

सोयरीक जुळवणारी व्यक्ती म्हणजे कुणाची मावशी, कुणाचे मामा, बँकेतले सहकारी, नाहीतर पूजा सांगायला येणारे गुरुजी. ही मंडळी दोन वेगळी कामं एकत्र करायची. ‘अमक्यांची मुलगी लग्नाची आहे’ हे कळवणं हे पहिलं काम. ‘घर चांगलं आहे, मी ओळखतो’ असं म्हणणं हे दुसरं. पहिलं काम माहितीचं, दुसरं जबाबदारीचं. पुढे संसारात काही बिनसलं तर दोन्ही घरं आपल्याकडे येणार, कार्याला गेलो की चार लोक विचारणार, हे त्याला ठाऊक असायचं. म्हणून तो जपून बोलायचा. मुलगा पितो का, आधी कुठे साखरपुडा मोडलाय का, सासूचा स्वभाव कसा आहे, या गोष्टी बायोडेटात कधीच नव्हत्या. त्या त्याच्याकडून कळायच्या.

पण जो हमी देतो तोच कुणाला आत घ्यायचं हेही ठरवतो. त्याला ‘शोभणारी’ वाटतील तेवढीच स्थळं तो आणायचा. तिशी ओलांडलेली मुलगी, घटस्फोटित बाई, पदरात मूल असलेली विधवा, अंगावर कोड असलेला मुलगा यांच्यासाठी त्याच्याकडे एकतर काही नसायचं, नाहीतर ‘जमवून घ्या’ असं काहीतरी असायचं. जातीबाहेरचं स्थळ तर तो आणतच नसे. त्यात त्याचीही पत गेली असती.

लग्नात मधला माणूस कोण असावा, किंवा असावा तरी का, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लावला गेला. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई म्हणजे त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण. म्हणजे इतकं बंडखोर लग्नसुद्धा ओळखीतूनच जुळलं होतं. त्यापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. रूढीबाहेर जाऊ बघणाऱ्या माणसाला त्या काळी स्थळ सांगणारा जिवलगच लागायचा, कारण दुसरी कुठलीच वाट नव्हती. आज ती वाट फोनमध्ये आहे, आणि माझ्या मते ॲपचा सगळ्यात मोठा उपकार हाच आहे.

मधल्या काळात वर्तमानपत्रातल्या रविवारच्या ‘वर पाहिजे, वधू पाहिजे’ जाहिराती आल्या, वधू-वर सूचक मंडळं आली, समाजासमाजाचे मेळावे आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी यांसारखी संकेतस्थळं सुरू झाली. डेटिंगच्या ॲपपैकी टिंडर २०१२ मध्ये अमेरिकेत आलं, बंबल २०१४ मध्ये, आणि बंबलने भारतात पाऊल ठेवलं ते २०१८ च्या डिसेंबरात. भारत मॅट्रिमोनी चालवणारी चेन्नईची कंपनी २०१७ पासून शेअर बाजारात आहे. जीवनसाथी ज्या कंपनीचं आहे तिचंच नोकरी डॉट कॉमही आहे, आणि यात मला आश्चर्य वाटत नाही. दोन्हीकडे बायोडेटा, दोन्हीकडे अटी, दोन्हीकडे ‘शॉर्टलिस्ट’.

फिल्टर किती कापतो

ॲप स्थळ ‘सुचवतं’ म्हणजे काय करतं? पहिली पायरी अगदी साधी आहे: तुम्ही घातलेल्या अटींत न बसणारे सगळे बाजूला काढायचे. यालाच फिल्टर म्हणतात. फिल्टर किती कापतो याचा अंदाज फार थोड्या पालकांना असतो, म्हणून एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा पुणे आणि आसपास तुमच्या मुलीला वयाने योग्य असे १०,००० मुलगे एका ॲपवर आहेत. पोटजातीची अट घातली आणि वीसातला एक उरला, तर झाले ५००. उंचीच्या अटीने निम्मे गेले, २५०. पगाराच्या अटीने पुन्हा निम्मे, १२५. ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ म्हटलं आणि तिसरा हिस्सा राहिला, म्हणजे ४० च्या आसपास. मंगळ नको, एकनाड नको, की २०. आता त्या वीसजणांनीही अटी घातलेल्या असतात. त्यातल्या चारातल्या एकाच्या अटीत तुमची मुलगी बसली, तर उरले पाच. दहा हजारांतून पाच. आणि मग आई म्हणते, ‘अगं, एवढे पैसे भरले, पण स्थळंच येत नाहीत.’

आता त्याच हिशेबात फक्त पोटजातीचा रकाना रिकामा ठेवून बघा. बाकी सगळ्या अटी तशाच. पाचाचे शंभर होतात.

फिल्टर आणखी एक गोष्ट करतो. मामाला सांगितलं असतं की मुलगा पाच फूट आठ इंच हवा, तर त्याने पाच सात असलेला, स्वभावाने लाख मोलाचा मुलगा तरीही आणला असता आणि म्हणाला असता, ‘एकदा भेटून तर घ्या.’ ॲप तो मुलगा दाखवतच नाही. एक इंचासाठी कोण गेलं हे तुम्हाला कधी कळत नाही, त्यामुळे हळहळही वाटत नाही. पगाराचं, वयाचं तेच. तीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी एखादी मुलगी शेकडो याद्यांमधून एका रात्रीत नाहीशी होते. तिच्यात काहीच बदललेलं नसतं.

आधी कोण दिसणार

उरलेल्यांना कोणत्या क्रमाने दाखवायचं ही दुसरी पायरी. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं आणि बरंचसं गुप्त असतं, तरी घटक साधारण ठरलेले आहेत: कोण हल्ली ॲपवर येऊन गेलं, कोण उत्तरं देतं, कुणाची प्रोफाइल पूर्ण भरलेली आहे, कुणी जास्तीचे पैसे भरलेत. टिंडर एके काळी बुद्धिबळपटूंच्या ‘एलो’ मानांकनासारखी पद्धत वापरायचं. ज्यांना पुष्कळांची पसंती, त्यांनी तुम्हाला पसंत केलं तर तुमचं वजन वाढायचं. २०१९ मध्ये त्यांनी ही पद्धत सोडल्याचं जाहीर केलं.

हिंज नावाच्या ॲपने २०१८ मध्ये वेगळी वाट घेतली. त्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलं होतं, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच विवाहाचा उल्लेख आहे. शॅपली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ही रीत समजायला सोपी आहे. प्रत्येक मुलगा त्याच्या यादीतल्या पहिल्या मुलीला विचारतो. मुलगी आलेल्यांपैकी सर्वांत बरा वाटणारा तात्पुरता थांबवून ठेवते, बाकीच्यांना नकार देते. नकार मिळालेले आपापल्या यादीतल्या पुढच्या मुलीकडे जातात. तिला नवा आलेला आधीच्यापेक्षा बरा वाटला तर ती आधीच्याला सोडू शकते. असं करत गेलं की शेवटी ज्या जोड्या लागतात त्यांत एक गुण असतो: आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं दोघांनाही वाटेल, अशी दोन माणसं उरत नाहीत.

यातून निघालेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. या पद्धतीत जी बाजू विचारते तिचं जास्तीत जास्त भलं होतं, आणि जी वाट बघते तिला मिळतं ते तुलनेने कमी. आता आपल्या घरांत मुलींना काय शिकवलं जातं ते आठवा. मुलीचा बाप स्थळं शोधत फिरतो, चपला झिजवतो, पण मुलीने स्वतः विचारायचं नाही. बंबलने पहिला संदेश बाईनेच पाठवायचा असा नियम केला, आणि २०२४ मध्ये तो थोडा सैल करून बाईने एक प्रश्न ठेवायचा आणि पुरुषांनी उत्तर द्यायचं, अशीही सोय दिली. लग्नाच्या ॲपवरही मुलीला स्वतःहून पसंती पाठवता येते. केंद्रात येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते: तुम्हाला आवडलं असेल तर तुम्ही विचारा. त्यात कमीपणा काही नाही, उलट गणित तुमच्या बाजूला येतं.

तिसरी पायरी शिकण्याची. तुमच्यासारख्यांनी कुणाला पसंत केलं हे पाहून तसेच लोक तुम्हाला दाखवायचे. इथे समाजाचे दोष गुपचूप आत शिरतात. पुष्कळ लोकांनी सावळ्या मुलींना डावललं, तर यंत्रही त्यांना मागे टाकायला शिकू शकतं, कुणीही तसं न सांगता. शादी डॉट कॉमवर रंगाचा फिल्टर होता. २०२० च्या जूनमध्ये लोकांनी सह्यांची मोहीम काढली तेव्हा तो हटवण्यात आला. बरं झालं. पण रकाना काढला म्हणून बघणाऱ्याच्या डोळ्यातला रंग जात नाही, आणि फोटो तर सगळ्यात आधी दिसतो.

जातीचं काय झालं

ॲप आली की जाती गळून पडतील असं काहींना वाटलं होतं. तसं झालेलं नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं होतं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीतलाच मुलगा मिळावा म्हणून मुलीकडचे लोक मुलाच्या शिक्षणात केवढी तडजोड करायला तयार असतात? त्यांना आढळलं ते असं: पदव्युत्तर शिक्षण आणि अजिबात शिक्षण नाही, यांत जेवढं अंतर आहे तेवढी. दुसरा निष्कर्ष त्याहून विचार करायला लावणारा आहे. मोठ्या जातींत सगळ्या प्रकारची मुलंमुली असतातच, त्यामुळे प्रत्यक्षात ही किंमत मोजायची वेळ फारशी येत नाही. आग्रह फुकटात निभावतो, म्हणून टिकतो.

छोट्या पोटजातींचं मात्र तसं नाही. तिथे वर केलेला दहा हजारांचा हिशेब लगेच अंगावर येतो. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत ‘आंतरजातीय चालेल’ असं लिहिणाऱ्यांचं प्रमाण वाढताना मी पाहते आहे. त्यातल्या काही अर्जांत पुढे लिहिलेलं असतं, ‘एससी, एसटी क्षमस्व’. हे वाचून प्रत्येक वेळी जीव खट्टू होतो. फुल्यांच्या शहरात उच्चशिक्षित घरांतून हे लिहून येतं. ॲपवर हेच वाक्य फिल्टरच्या एका खुणेत मावतं, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं. आधी निदान कागदावर लिहिताना हात अडखळायची शक्यता होती.

तरी ज्याला खरोखर जातीबाहेर बघायचं आहे, त्याला आज कुणाची परवानगी लागत नाही. हिंजवडीत काम करणारी लातूरची मुलगी आणि बाणेरला राहणारा सातारचा मुलगा यांना एकत्र आणणारा मामा अस्तित्वातच नव्हता. रकाना रिकामा ठेवणं ही आता दोन बोटांची गोष्ट आहे. पुढचं अवघड असतं. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती जाहीर लावली जाते. घरचा विरोध असलेल्या जोडप्यांना तेच ३० दिवस सगळ्यात कठीण जातात. ॲप तिथे कामाला येत नाही.

कुणाला दार उघडलं

घटस्फोटित आणि विधवा बायका, दुसऱ्या लग्नाचे पुरुष, साठी उलटलेली एकटी माणसं यांच्यासाठी ॲप हे फार मोठं दार आहे. त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतंच. आता ते स्वतः बोलतात. साठीच्या एका बाईंनी सूनबाईकडून फोन शिकून घेऊन स्वतःची प्रोफाइल लिहिली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला विसरता येत नाही. समलिंगी मुलामुलींना तर परंपरेत स्थळ नावाची गोष्टच नव्हती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. २०२३ मध्ये विवाहाचा हक्क द्यायला मात्र नकार दिला. त्यामुळे भेट ॲपवर होते, पुढे कायद्याचा आधार नसतो, आणि बोभाटा होईल या भीतीपोटी फसवणूक झाली तरी अनेक जण पोलिसांकडे जात नाहीत.

एका गटाला ॲपने काहीच दिलं नाही, उलट त्याचं दुःख आकड्यात दाखवलं: गावाकडचे शेतकरी मुलगे. ‘नोकरी पुण्या-मुंबईत हवी’ ही एक अट पडली की ते सगळे एका झटक्यात यादीबाहेर. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले, ते चित्र अनेकांनी पाहिलं असेल. लोक हसले. पण महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांची प्रोफाइल कुठल्या ॲपवर सापडणार? आणि शेतीतल्या घरात नांदायला नको म्हणणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. तिने आईचे हाल पाहिलेले असतात.

‘व्हेरिफाइड’ म्हणजे काय आणि काय नाही

आता तोट्यांकडे. फसवणूक, बोलता बोलता अचानक गप्प होणं, एकाच वेळी दहाजणांशी बोलणं चालू ठेवणं, या सगळ्याचं मूळ एकच आहे: मध्ये कुणी जबाबदार नाही. मामाने आणलेल्या स्थळाला निदान नकार तरी कळवावा लागायचा. ॲपवर माणूस उत्तर देणं थांबवतो आणि समोरचा आठवडाभर आपलं काय चुकलं याचा विचार करत राहतो. चार-पाच वेळा असं झालं की चांगली मुलंमुलीही कोरडी होत जातात. नकार स्पष्ट कळवा, एवढं तरी पालकांनी घरात शिकवावं.

प्रोफाइलवरच्या निळ्या किंवा हिरव्या ‘टिक’च्या खुणेबद्दल मोठा गैरसमज आहे. ती टिक बहुधा एवढंच सांगते की फोन नंबर चालू आहे, फोटोतला माणूस आणि सेल्फीतला माणूस एक आहे, फार तर एखादं ओळखपत्र दाखवलेलं आहे. तो अविवाहित आहे, कंपनीत त्याच हुद्द्यावर आहे, पगार तेवढाच आहे, यातलं काही त्या टिकेत नसतं. महाराष्ट्रात विवाह मंडळांचं नियमन आणि विवाह नोंदणी या दोन्हींसाठी १९९८ चा एकच कायदा आहे. म्हणजे स्थळ सुचवणाऱ्यावर कुणीतरी लक्ष ठेवावं, हे शासनाला स्मार्टफोन येण्याच्या पुष्कळ आधी पटलं होतं. पण अमका विवाहित आहे का हे देशभरात एका ठिकाणी पाहता येईल अशी सार्वजनिक नोंदवही नाही, आणि ॲपकडेही ती नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये लग्नाच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सदस्यांची ओळख पटवणारी कागदपत्रं घ्या, आणि हे व्यासपीठ फक्त लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असं स्पष्ट लिहा. डेटिंगची ॲप त्या चौकटीत बसतच नाहीत.

ठरलेला फसवणुकीचा प्रकार ओळखून ठेवा. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर, दिसायला देखणा, मराठी येत नाही पण संस्कारांवर भरभरून बोलतो. दोन आठवड्यांत लग्नाची गोष्ट. मग महागडी भेटवस्तू पाठवल्याचा निरोप, आणि पाठोपाठ ‘कस्टम्स’मधून फोन: पार्सल अडकलंय, अमुक खात्यात शुल्क भरा. कस्टम्स खातं कुणाच्या वैयक्तिक बँक खात्यात पैसे मागत नाही. याचीच नवी आवृत्ती म्हणजे जोडीदार होऊ घातलेली व्यक्ती गुंतवणुकीचं ॲप सुचवते, सुरुवातीला नफा दाखवते आणि मोठी रक्कम टाकली की गायब होते. भेट व्हायच्या आधी पैशाचा विषय निघाला, तर तिथेच थांबा. यात फसणारी माणसं भोळी किंवा मूर्ख नसतात. एकटी असतात, आणि कुणीतरी रोज ‘जेवलीस का’ विचारत असतं.

चौकशीचं काम घरात वाटून घ्या

माझं मत स्पष्ट आहे: शोधायचं काम ॲपला द्या, चौकशीचं काम माणसांना परत द्या. आणि निवडायचं काम फक्त मुलाला आणि मुलीला. घोटाळा होतो तो ही तीन कामं एकमेकांत मिसळल्यामुळे. अनेक घरांत मुलाच्या नावाने आईच चॅट करत असते आणि मुलीकडून तिचे बाबा उत्तर देत असतात. दोन महिने असं बोलणं झाल्यावर मुलगा-मुलगी भेटतात तेव्हा ती दोघं पूर्ण अनोळखी असतात. प्रोफाइल ज्याचं लग्न आहे त्याने स्वतः लिहावं आणि त्यानेच चालवावं.

पहिली भेट एखाद्या हॉटेलात किंवा कॅफेत, दिवसा, स्वतःच्या गाडीने जाऊन, घरी कुणाला तरी सांगून. त्याआधी व्हिडिओ कॉल. विषय पुढे सरकतोय असं वाटलं की मग मामा-मावशी कामाला येतात. मुलगा नाशिकचा आहे? नाशिकचे नातेवाईक जाऊन बघू शकतात. ऑफिसात ओळखीचं कुणी आहे का, घरमालक काय म्हणतो, मित्र कोण आहेत, हे विचारण्यात संकोच नको, आणि आपल्याबद्दल कुणी विचारलं तर रागही नको. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघा. ‘केस चालू आहे, होईलच’ याला घटस्फोट म्हणत नाहीत, आणि हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. पत्रिका बघणारच असाल तर तेवढ्याच उत्साहाने थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घ्या. दोघेही वाहक असतील तर मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता असते, आणि ते छत्तीस गुणांत कुठे दिसत नाही. देण्याघेण्याचा विषय ‘आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या हौसेने’ अशा शब्दांत आला तरी तो हुंडाच आहे. १९६१ च्या कायद्याने मागणंही गुन्हा आहे, घेणं तर आहेच.

एवढं करूनही फसगत झाली तर कायदा हाताशी आहे. दुसऱ्याच्या नावाने, खोट्या फोटोने संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ओळख लपवून किंवा लग्नाचं खोटं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवणं हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. लग्नच फसवून, महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार ते रद्द करून मागता येतं, मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट, फोटो, खाते क्रमांक यातलं काहीही पुसू नका, तोच पुरावा असतो.

आणि जमलं असेल, याद्या झाल्या असतील, साखरपुड्याची तारीख निघाली असेल, तर एक काम उरतं जे बहुतेक घरांत राहूनच जातं. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही. तुमच्या मुलीचे फोटो, जन्मवेळ, पगार, पत्ता हे सगळं तिकडे तसंच राहतं आणि ती अजून स्थळ म्हणून दिसत राहू शकते. ॲप काढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं कायमचं बंद करा, वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची सोय थांबवा, आणि माहिती पुसून टाकल्याचं लेखी मागा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हा हक्क दिलेला आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण ईमेल पाठवायला आजही हरकत नाही. हेच काम तिच्या बायोडेटाच्या पीडीएफबाबतही करा. समाजाच्या ज्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकला होता, तिथल्या ॲडमिनला फोन करून तो काढायला सांगा.